शेजारच्याची वही

आधी तो जनरेटर बंद कर. मग समोर बस. नाही, आमटी नको. मी जेवायला आलेलो नाही. तुझ्या हॉटेलातला फ्रीज जळाला आणि दुकानदारानं फसवलं म्हणून तू करकंब गावभर सांगत फिरतोयस, ते ऐकून आलोय.

फसवलं कुणी नाही. दहावीत तू शेजारच्याच्या वहीत डोकावून उत्तर उतरवायचास. त्याचं उत्तर बरोबर असायचं, पण ते त्याच्या गणिताचं असायचं. आजही तू तेच केलंस. मांडववाल्यानं १ केव्हीएचा जनरेटर घेतला, म्हणून तूही घेतलास. अरे, त्याला दिव्यांच्या माळा लावायच्या असतात. तुला फ्रीज, मिक्सर आणि पंखे चालवायचेत. दिवा गुपचूप पेटतो, मोटर धक्का मारून उठते. हा फरक मी फळ्यावर लिहिला होता. तेव्हा तू खिडकीबाहेर बघत होतास.

कागद घे आणि लिही. सहा एलईडी दिवे, साधारण ५० वॅट. दोन पंखे, १५०. मिक्सर, ७५०. फ्रीज चालताना २००, पण कॉम्प्रेसर सुरू होतो त्या क्षणी ८०० धर. मोटर उठताना चालू भाराच्या तीन-चार पट, कधी त्याहूनही जास्त मागते. सगळ्या मोटरी एकदम उठत नाहीत, म्हणून फ्रीजचा तेवढा चालू भार नाही, उठतानाचा भार धरायचा. ५०, १५०, ७५० आणि ८००. किती झाले? बोटं मोडू नकोस. १७५०. हे वॅट झाले. केव्हीए काढायला ०.८ नं भाग. साधारण २.२. शिवाय यंत्र कायम पूर्ण ताकदीनं पळवायचं नसतं, थोडी सूट ठेवायची. म्हणजे तुला २.८ केव्हीएचं यंत्र हवं होतं. तुझ्या १ केव्हीएतून ८०० वॅट निघतात. पंखे, दिवे चालू असताना फ्रीज उठायला लागला, व्होल्टेज पडलं. कॉम्प्रेसर नुसता घुंघुं करत राहिला, फिरला नाही, तापला आणि जळाला. यात दुकानदाराचा काय गुन्हा?

आणि खोक्यावरचा मोठा आकडा बघून भुलू नकोस. तो बहुधा क्षणभराच्या ताकदीचा असतो. सतत किती देतो, तो आकडा यंत्रावरच्या पट्टीवर असतो, तो वाच.

म्हणून आता रागानं ५ केव्हीएचं धूड आणशील, तर तेही चूक. पाण्याची मोटरही त्यावर चालवीन म्हणशील. ती अर्ध्या एचपीची मोटर जनरेटरवर टाकायचीच कशाला? लाईट असताना टाकी भरून ठेव. बाजारच्या दिवशी आमटीला किती माणसं येतील, त्यावर तू पातेलं ठरवतोस ना? वाटीभर आमटीला कुणी हंडा चढवत नाही. मोठं यंत्र कमी भारावर चालवलंस, तर तेल फुकट जाळशील. डाळींचं प्रमाण तुला तोंडपाठ आहे आणि वॅटची बेरीज येत नाही, हे मी मानणार नाही. तुला येते. तू करत नाहीस.

पण फ्रीजसाठी मी एवढा चिडलेलो नाही. फ्रीज पुन्हा आणता येईल. काल रात्री पाऊस आला म्हणून तू यंत्र मागच्या खोलीत घेतलंस. तिथं तुझी दोन कामाची पोरं झोपतात. खिडकी उघडी होती म्हणतोस? खिडकीनं काय होतं?

जुलै २०२१ मध्ये चंद्रपूरजवळ दुर्गापूरला रात्री लाईट गेली. एका घरात जनरेटर आतच लावला आणि माणसं झोपली. एकाच कुटुंबातले सहा जण गेले. इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातलं हिमोग्लोबिन त्याला प्राणवायूपेक्षा दोनशेहून अधिक पटींनी घट्ट धरतं. आधी डोकं जड होतं, मळमळतं, गळून गेल्यासारखं वाटतं. झोपलेल्याला तर तेही कळत नाही. पोरं सकाळी डोकं दुखतंय म्हणत होती ना? ते जागरण नव्हतं. असं कुणाला वाटलं, तर पहिल्यांदा उघड्यावर काढायचं आणि १०८ ला फोन लावायचा. दोघांनाही आत्ता, माझ्यादेखत, डॉक्टरकडे धाड.

जनरेटर बाहेर ठेवायचा, दारं-खिडक्यांपासून किमान वीस फूट लांब आणि धुराचं तोंड घराकडे न करता. पावसासाठी चार खांबांवर पत्रा टाक, बाजू मोकळ्या सोड. ओल्या हातानं हात लावू नकोस. अर्थिंग करून घे.

पेट्रोल तू चालू यंत्रात ओततोस, आणि भट्टी तीन हातांवर! आधी बंद करायचं, थंड होऊ द्यायचं, मग ओतायचं. गिऱ्हाईक थांबेल. पेट्रोलची वाफ थांबत नाही.

आणि ही वायर काय आहे? दोन्ही टोकांना प्लग! एक जनरेटरला, एक भिंतीतल्या सॉकेटला. मेन स्विच पाडायला एकदा विसरलास, तर वीज उलटी डीपीपर्यंत जाईल. डीपीतला ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूनंही काम करतो. तुझ्या २३० व्होल्टचे पलीकडे ११ हजार होतात. लाईट नाही या भरवशावर वायरमन खांबावर चढलेला असेल. त्याच्या घरी जाऊन काय सांगणार आहेस? शिवाय सॉकेटातून निघालेल्या प्लगच्या उघड्या पिनांत वीज असते. कात्री आण. काप ती वायर, माझ्यासमोर. परवाना असलेल्या माणसाकडून चेंजओव्हर स्विच बसवून घे. तोपर्यंत दिव्या-पंख्यांना जाड वायर थेट यंत्रावरून.

कुणाच्या नावानं खडे फोडू नकोस. यंत्र पट्टीवर लिहिलंय तेवढंच देतं. तू पट्टी वाचली नाहीस.

उद्या सकाळी सातला घरी ये. हॉटेलातल्या एकेका वस्तूचे वॅट लिहून आण, वस्तूवरची पट्टी बघून, स्वतःच्या हातानं. बेरीज चुकली तर चालेल, मी तपासीन. उतरवून आणलीस, तर दारातूनच परत पाठवीन.