उघडे, खुले, मोकळे

इंग्रजीत ‘ओपन’ नावाचे एक लहानसे विशेषण आहे. शब्द इतका साधा, की त्याचा अर्थ विचारण्याची गरज पाचवीतल्या मुलालाही वाटत नाही. पण तोच शब्द मराठीत आणावयास सांगितला, म्हणजे मुलांच्या वह्या मोठ्या गमतीदार होतात. जखम ‘ओपन’ असली तर ती उघडी, स्पर्धा असली तर खुली, जागा असली तर मोकळी. पत्र ‘ओपन’ असेल तर ते अनावृत, आणि विद्यापीठ ‘ओपन’ असेल तर ते मुक्त! एखादा विद्यार्थी ‘मोकळी जखम’ लिहून ठेवतो आणि सारा वर्ग हसतो. मीही हसतो. पण मग मनात येते, इंग्रजाने जेथे एका शब्दात भागवले तेथे आपल्या आजीपणजीला इतके शब्द का बरे लागले असतील?

मला वाटते, हे शब्द एकाच गोष्टीची वेगवेगळी नावे नव्हेत. ‘उघडे’ हा शब्द केवळ वस्तूबद्दल बोलतो. कडी काढली, दार उघडे झाले. ‘खुले’ म्हटले की लगेच प्रश्न येतो, कोणाला? आणि ‘मोकळे’ हा शब्द आत येणाऱ्याच्या मनाची खबर देतो. दार उघडे आहे हे डोळ्यांना दिसते. ते खुले आहे की नाही हे मालकाला विचारावे लागते. आणि ‘अगदी मोकळेपणाने या हं’ हे खरे की खोटे, ते येणाऱ्याच्या पावलांनाच कळते.

हा नुसता शब्दांचा खेळ नाही. आमच्या नाशकाने या शब्दांमधले अंतर डोळ्यांनी पाहिले आहे. पंचवटीतील काळारामाचे मंदिर पेशवाईत सरदार ओढेकरांनी बांधविले. त्याचा दरवाजा रोज उघडत होता. दूरदूरचे यात्रेकरू आत जात होते. म्हणजे मंदिर उघडे होते. पण अस्पृश्य मानलेल्यांना ते खुले नव्हते. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली हजारो स्त्रीपुरुष त्या दारापुढे येऊन उभे राहिले, तेव्हा ते दार आतून बंद करण्यात आले. जे दार काहींना खुले नसते, ते एक दिवस सर्वांनाच मिटून घ्यावे लागते, हा धडा त्या दिवशी नाशकाला मिळाला. तो सत्याग्रह दादासाहेब गायकवाड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाच वर्षे नेटाने चालविला. दार खुले झाले नाही. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी याच जिल्ह्यातील येवल्याला बाबासाहेबांनी धर्मांतराचा निर्धार जाहीर केला. ठोठावणाऱ्याने अखेर त्या दाराकडे पाठ फिरविली.

महाडची गोष्ट तर आणखी बोलकी आहे. तेथील चवदार तळ्याला दारच नव्हते! रावबहादूर बोले यांचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात १९२३ साली संमत झाला आणि पुढच्याच वर्षी महाड नगरपालिकेने तळे सर्वांना खुले केले. पाणी उघडे होते, कागदावर खुलेही झाले. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या ओंजळभर पाण्यासाठी हजारोंना वाट पाहावी लागली. आणि ओंजळ भरली तेव्हा लाठ्या खाव्या लागल्या. खुले झालेले तळे मोकळे झालेले नव्हते.

यावर कोणी शहाणा म्हणेल, “मग कायद्याचा काय उपयोग? आधी मने मोकळी होऊ द्या, दारे आपोआप खुली होतील.” हे ऐकावयास गोड वाटते, पण मला ते मान्य नाही. मन मोकळे होईपर्यंत थांबा, असे नेहमी आत बसलेलाच सांगतो. बाहेर उन्हात उभा असलेला कधी सांगत नाही. साने गुरुजींनी १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरला विठ्ठलाच्या दारासाठी प्राण पणाला लावले, ते मने पालटण्याची वाट पाहत बसले नाहीत म्हणूनच. आपल्या राज्यघटनेनेही पंचविसाव्या अनुच्छेदात हिंदूंच्या सार्वजनिक धर्मसंस्था सर्व हिंदूंना ‘ओपन’ करण्याचा अधिकार कायद्याला दिला. आज काळारामाच्या दर्शनाला कोणीही जाऊ शकतो. कायदा दार खुले करू शकतो, आणि ते त्याने आधी केलेच पाहिजे. मोकळे करण्याचे काम मात्र तो कोणा शिपायावर सोपवू शकत नाही. ते आत बसलेल्यांचे काम आहे.

आणि ‘मुक्त’? हा शब्द ‘कोणाला’ असे न विचारता ‘कशातून’ असे विचारतो. याच नाशकात १९८९ साली यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले. वयाच्या, घंटेच्या आणि हुकलेल्या वर्षांच्या बंधनातून शिक्षण मुक्त करावयाचे, हा त्यामागचा हेतू. ज्यांची बारावी राहून गेली, त्यांच्यासाठीही त्याने पूर्वतयारीच्या शिक्षणक्रमाची वाट काढली. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचे ब्रीद. शतकानुशतके माणसे दारापर्यंत चालत गेली. येथे दारानेच माणसापर्यंत चालत जावे, अशी ही कल्पना. तिच्यात मला मोठे समाधान वाटते.

आता दिवाळी आली आहे. घरोघरी दारे उघडी आहेत, उंबऱ्यावर पणत्या आहेत. काही माणसांना आपण आत बसवून फराळाचे ताट देतो. काहींच्या हातात उंबऱ्यावरच चिवड्यालाडवाचा पुडा ठेवतो. भांडी घासणारी बाई, पहाटे पेपर टाकणारा मुलगा, घंटागाडीवरचा माणूस. लाडू तेच, तूप तेच. फरक एवढाच, की एकाला आपले दार खुले आहे आणि दुसऱ्याला नुसते उघडे. यंदा त्या पुड्याऐवजी एक पाट मांडून पाहावा. पहिल्या खेपेस पाहुणा अवघडेल, कदाचित आपणही अवघडू. पण तो दुसऱ्यांदा आपण होऊन चिवडा मागून घेईल, तेव्हा समजावे, की आपले घर आता खरोखरच मोकळे झाले.