आजचं चिंतन : गौरमुखाचा निरोप

आज आदिपर्व वाचताना गौरमुखापाशी थांबलो. शृंगीने परीक्षित राजाला शाप दिला, सात दिवसांत तक्षक दंश करेल. मुलाचा शाप शमीक ऋषींना परतवता येईना. पण त्यांनी गौरमुख या शिष्याला धाडून राजाला ते कळवलं.

जवळा बाजारच्या आमच्या मामांना ब्लड कॅन्सर झाला, तेव्हा आम्ही डॉक्टरांना उलटंच विनवलं, "त्यांना सांगू नका." माया होतीच, पण भीती आमची होती. या आजारात अजून एक केमो, अजून एक प्लेटलेटची पिशवी असं काहीतरी उरतंच. बोलणं पुढे ढकललं जातं, आणि मग एखादं इन्फेक्शन होतं नि वेळच राहत नाही. मामा म्हणायचे, औंढ्याला नागनाथाला न्या रे. आपल्याच तालुक्यातलं गाव! आम्ही म्हणायचो, बरे झाल्यावर.

महाभारतातला परीक्षित निरोप मिळाल्यावर एकखांबी महालात वैद्य ठेवून बसतो. त्याला हसू नका, जगावंसं वाटणारच. भागवतातला गंगाकाठी जाऊन शुकांना विचारतो, मरणाऱ्याने काय करावं? दोघांनाही ठरवता आलं, कारण दोघांना माहीत होतं.

एकदा डॉक्टर स्टूल ओढून मामांजवळ बसले. "मामा, आजाराबद्दल तुम्हाला किती जाणून घ्यायचंय?" मामांनी तोंड उघडलं होतं. मध्ये मीच बोललो.