पनवेल ते आळंदी, एकेक पाऊल

बसा. जिथं आहात तिथंच.

वडाळे तळ्याच्या काठावर असाल, घरात खिडकीशी असाल, दुखण्यानं बिछान्याला खिळलेले असाल. पाठ सैल सोडा. अंग जड होऊ द्या.

श्वास आत येतो आहे. येऊ द्या.

श्वास बाहेर जातो आहे. जाऊ द्या.

आता लक्ष तळपायांकडे न्या. टाच. मधली पोकळ कमान. मग बोटं. हे पाय तुम्हाला आजवर कुठं कुठं घेऊन गेले. घटकाभर त्यांच्याजवळ थांबा.

कार्तिकातली पहाट आहे. हवेत जराशी थंडी आहे. जुन्या मुंबई-पुणे रस्त्याच्या कडेला एक दिंडी निघायच्या तयारीत उभी आहे. भगव्या पताका. टाळकरी. गळ्यात पखवाज अडकवलेला तरुण. विणेकरी. डोक्यावर तुळस घेतलेल्या बायका.

कोकणातल्या कितीतरी दिंड्या या दिवसांत अशाच निघतात. ज्ञानेश्वर माउलींनी आळंदीला समाधी घेतली ती १२९६ साली, कार्तिक वद्य त्रयोदशीला. त्या सोहळ्यासाठी ही पावलं निघाली आहेत. समोर सुमारे १०० किलोमीटर वाट आहे.

एवढ्या वाटेचा विचार राहू द्या. एक पाऊल उचला. मनानंच उचला.

टाच उठते.

पाय अधांतरी आहे.

पाय टेकतो.

थांबा. ते टेकणं नीट कळू द्या. मगच दुसरं.

पळस्पे मागं पडतं. शेडुंग येतं. कापणी झालेली भातखाचरं, पेंढ्याचा ओलसर वास. तो वास आत घ्या. डाव्या हाताला प्रबळगड अजून धुक्यात आहे. टाळ वाजतो, पाऊल पडतं. टाळ वाजतो, पाऊल पडतं.

आणि इथंच मन पुढं पळतं.

पाहा, ते आळंदीला पोचलंसुद्धा. मनाला तहान लागत नाही, त्याच्या पायाला फोड येत नाही, त्याला घाट चढावा लागत नाही. पायी चालणाऱ्याला वाटच सावकाश करते. मनानं चालणाऱ्याला मात्र आपण होऊन सावकाश व्हावं लागतं. त्याची एवढीच साधना, आणि ती सोपी नाही.

रागावू नका मनावर. त्याला हाताला धरून मागं आणा. शेडुंगला आणा. पेंढ्याचा वास पुन्हा घ्या.

एक श्वास. एक पाऊल.

चौक येतं. वर इर्शाळगडाचा सुळका. त्याच्या उतारावरची इर्शाळवाडी जुलै २०२३ मध्ये रात्रीच्या पावसात दरडीखाली गेली. इथं पाऊल थांबवा. काही म्हणू नका. तिथं झोपलेल्या माणसांसाठी एक श्वास.

मग हळूच निघा.

खोपोली. आता बोरघाट. श्वास आखूड होतो, होऊ द्या. पाऊल लहान होतं, होऊ द्या. वाटेत शिंग्रोबाचं देऊळ आहे. घाटाची वाट दाखवणारा हा धनगर, असं लोक पिढ्यानपिढ्या सांगतात. येणारा-जाणारा त्याला हात जोडतो. तुम्हीही जोडा. आपल्या आधी कुणीतरी वाट शोधली, म्हणून आपलं पाऊल पडतं.

घाटमाथा ६०० मीटरच्या आसपास उंच. तिथवर पोचायचं आहे, पण आत्ता नाही. आत्ता हे वळण. हा चढ. ही टाच.

दिवस कलतो. मुक्काम येतो. हरिपाठ होतो. दोन वारकरी समोरासमोर येतात, दोघंही वाकतात, एकमेकांच्या पायांना हात लावतात. 'माउली,' एक म्हणतो. 'माउली,' दुसरा म्हणतो. कोपऱ्यात एक पोर म्हातारीच्या पोटऱ्यांना तेल चोळून देतं आहे. तेलाचा तो वास, तो ऊबदार हात. इथं थांबा. हवं तितकं थांबा.

आता एक वेगळी वारी आठवा.

२०२० सालची आषाढी. साथ पसरलेली होती. संतांच्या पादुका एसटीनं पंढरपूरला नेल्या गेल्या आणि वारकरी घरी राहिले. त्यातल्या एकाला डोळ्यांपुढं आणा. तो मोबाइलच्या पडद्यावर पंढरीच्या वाटेचं चित्रण पाहतो आहे. ओठ हलताहेत. सासवड. जेजुरी. वाल्हे. लोणंद. फलटण. प्रत्येक नावाशी तो थांबतो, कारण ते गाव त्याच्या तळपायांच्या ओळखीचं आहे. दिवे घाटाच्या नावाशी त्याचा श्वास आजही जड होतो.

तो घरी आहे. तो वाटेवर आहे. दोन्ही राहू द्या.

आता पालखीजवळ या. आत काय आहे, पाहा.

पादुका.

तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५ च्या सुमारास पादुका पालखीत ठेवून पंढरीची वाट धरली, तेव्हापासूनची ही रीत. ज्यांच्या पादुका, ते देहानं सोबत नाहीत. तरी लोक ती पावलं घेऊन चालतात, मुक्कामाला त्यांना निजवतात, पहाटे जागं करतात. देहानं न आलेल्याची जागा या वाटेवर पहिल्यापासून राखलेली आहे.

त्या जागेजवळ शांत बसा. गुडघे थकले म्हणून, रजा मिळाली नाही म्हणून, परदेशात आहात म्हणून तुम्ही घरी राहिला असाल, तर तीच जागा तुमचीही आहे.

श्वास आत. श्वास बाहेर.

आणखी एक पाऊल.

हळूहळू आपल्या तळपायांकडं परत या. बोटं हलवा. खोलीतले आवाज ऐकू येऊ द्या. डोळे उघडा.

यंदा कार्तिकात पनवेलच्या रस्त्यावर टाळ ऐकू आले, तर बाहेर या. वारकऱ्यांना पाणी द्या, जमेल तितकं त्यांच्यासोबत चाला. ते जमणार नसेल, तर रोज थोडा वेळ मनानं चाला. पडद्यावर वाटेचं चित्रण पाहत असाल, तर ते पुढं सरकवू नका. पळस्पे, शेडुंग, चौक, खोपोली, घाट. एकही गाव गाळू नका. आळंदीला पोचायला महिना लागला तरी चालेल.