शिष्याच्या पगारावर

नोव्हेंबर २००१ मध्ये सिडनीत वर्षअखेरची मास्टर्स कप स्पर्धा झाली आणि लेटन ह्यूइट जगातला पहिल्या क्रमांकाचा टेनिसपटू ठरला. वय अवघं वीस. पुरुषांच्या क्रमवारीत इतक्या लहान वयात तोवर कोणी तिथवर पोचलं नव्हतं. दोनच महिन्यांपूर्वी त्याने अमेरिकन ओपनच्या अंतिम सामन्यात पीट सॅम्प्रसला सरळ तीन सेटमध्ये हरवलं होतं, आणि त्यातले शेवटचे दोन सेट ६-१, ६-१ असे होते. त्याचा प्रशिक्षक डॅरेन केहिल त्याच्याच गावचा, अ‍ॅडलेडचा. पोरगा शाळेत होता तेव्हापासून त्याला ओळखणारा. दुसऱ्या कुठल्या व्यवसायात असं वर्ष गेलं असतं तर माणसाला बढती मिळाली असती. इथे डिसेंबर संपायच्या आत दोघे वेगळे झाले आणि केहिल मोकळा झाला.

यात कोणाचं चुकलं हे उकरून काढण्यात मला रस नाही. रस आहे तो या नात्याच्या ठेवणीत. टेनिसमध्ये शिष्य गुरूला नेमतो. आठवड्याचं ठरलेलं मानधन, विमानाचं तिकीट, हॉटेलची खोली, आणि वर बहुधा बक्षिसाच्या रकमेतला टक्का. ‘तुझा बॅकहँड उशिरा येतोय’ असं सकाळच्या सरावात जो सांगतो, त्याचा पगार तो बॅकहँड उशिरा येणाराच देत असतो. आणि हे झालं क्रमवारीत वरच्यांचं. दोनशेच्या आसपास असलेल्या खेळाडूला वर्षभर प्रशिक्षक बरोबर ठेवणं परवडतच नाही. तो दोघा-तिघांत एक वाटून घेतो, नाहीतर एकटाच हिंडतो.

आपल्याकडे गुरूविषयीच्या सगळ्या कल्पना नेमक्या उलट्या दिशेने आलेल्या आहेत. गुरू निवडतो, गुरू पारखतो, गुरू वेळ आली की विद्या देतो. दक्षिणा शेवटी, आणि तीही तो मागेल ती. मैदानावर ‘सर’ ओरडले की पोराची मान खाली जाते, आणि पोराच्या आईबापांचीही. या चौकटीतून पाहिलं तर दौऱ्यावरचा टेनिस प्रशिक्षक म्हणजे गुरूच्या कपड्यातला नोकर वाटेल. मला तसं वाटत नाही. का वाटत नाही, ते केहिलच्याच उदाहरणावरून नीट सांगता येतं.

केहिल स्वतः खेळाडू म्हणून वाईट नव्हता. १९८८ च्या अमेरिकन ओपनमध्ये त्याने दुसऱ्या फेरीत बोरिस बेकरला घरी पाठवलं आणि थेट उपांत्य फेरी गाठली. तिथे मॅट्स विलँडरकडून हरला, तोच विलँडर पुढे विजेता झाला. एकेरीत त्याची वरची पायरी २२, दुहेरीत १०. एकेरीची दोन विजेतेपदं, ग्श्टाड आणि सॅन फ्रान्सिस्को. मग गुडघा गेला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या आणि तिशीच्या आतच खेळ आटोपला. थोडक्यात, शिखर खालून नीट दिसेल इतक्या उंचीवर जाऊन परतलेला माणूस.

त्याचे वडील जॉन केहिल हे ऑस्ट्रेलियन फुटबॉलमधलं मोठं नाव. आधी पोर्ट अ‍ॅडलेडचे खेळाडू, मग त्याच संघाला अजिंक्यपदांवर अजिंक्यपदं मिळवून देणारे प्रशिक्षक. म्हणजे प्रशिक्षकाचं काम डॅरेनने घरातच पाहिलं, पण एका वेगळ्याच खेळातलं. संघाच्या प्रशिक्षकाच्या हातात एक साधं हत्यार असतं: तो खेळाडूला बाहेर बसवू शकतो. शनिवारी कोण खेळणार हे तो ठरवतो, आणि म्हणून मंगळवारी त्याचं ऐकलं जातं. टेनिसच्या प्रशिक्षकाकडे हे हत्यार नाही. तो खेळाडूला बसवू शकत नाही, कारण संघच एका माणसाचा आणि मालकही तोच. टेनिसचा प्रशिक्षक फार तर स्वतःला बसवू शकतो.

मार्च २०१७ मध्ये मायामीत केहिलने तेच केलं. तेव्हा तो रुमानियाच्या सिमोना हालेपबरोबर होता. महिलांच्या दौऱ्यावर त्या काळी एक चमत्कारिक नियम होता: प्रत्येक सेटमध्ये एकदा प्रशिक्षकाला कोर्टवर बोलावता यायचं, पण त्याच्या अंगावर मायक्रोफोन लावलेला असायचा. बाजू बदलण्याच्या त्या नव्वद सेकंदांचं दृश्य ज्यांनी टीव्हीवर पाहिलंय त्यांना आठवेल. खेळाडू खुर्चीवर, मानेवर टॉवेल, नजर समोर कुठेतरी. प्रशिक्षक तिच्यापुढे गुडघ्यावर टेकून किंवा उकिडवा बसलेला, खालून वर पाहत बोलतोय. आणि तो जे बोलतोय ते तिच्याबरोबर सगळं जग ऐकतंय. खासगीत चार खडे बोल सुनवायची सोय नाही. कोणाचा हुद्दा कुठला हे त्या दोन शरीरांच्या उंचीतल्या फरकावरूनच कळायचं.

उपांत्यपूर्व फेरीत जोहाना कॉन्टाविरुद्ध हालेपने पहिला सेट घेतला होता, दुसऱ्यात सामना हाताशी आला होता. तो निसटला आणि तिसरा सेटही गेला. हरण्यापेक्षा केहिलला सलली ती कोर्टवरची तिची वृत्ती: स्वतःवर चिडणं, आधीच हार मानणं, समोर उपाय सांगणारा माणूस असताना त्याच्याकडे पाठ फिरवणं. त्याने तिला सांगितलं की मी थांबतो. हे पुढे हालेपनेच जाहीरपणे सांगितलंय, आणि आपण बदललो ते तिथून, असंही.

काही आठवड्यांनी तो परतला. पुढचा भाग मला जास्त बोलका वाटतो. त्याच वर्षी जूनमध्ये पॅरिसच्या अंतिम सामन्यात हालेप येलेना ओस्टापेंकोविरुद्ध ६-४, ३-० अशी पुढे होती आणि हरली. मायामीपेक्षा कितीतरी मोठी, कितीतरी जिव्हारी लागणारी हार. या वेळी केहिल कुठेही गेला नाही. जानेवारी २०१८ मध्ये मेलबर्नला कॅरोलिन वोझ्नियाकीकडून आणखी एक अंतिम सामना तिसऱ्या सेटमध्ये गेला, त्यानंतर हालेपला शरीरातलं पाणी कमी झाल्यामुळे रुग्णालयात न्यावं लागलं. तरी तो तिथेच. जूनमध्ये पॅरिसलाच स्लोन स्टीव्हन्सविरुद्ध एक सेट आणि वर ०-२ अशी मागे असताना तिने सामना फिरवला आणि पहिलं ग्रँड स्लॅम जिंकलं. राजीनामा हारीसाठी नव्हता, हे त्या मधल्या दोन हारींनीच सिद्ध केलं. प्रशिक्षकाने जाण्याची धमकी वर्षातून चारदा दिली की तिची किंमत शून्य होते. एकदा, योग्य गोष्टीसाठी आणि खरोखर निघून जाण्याच्या तयारीने दिली, तर तो पगारी माणूस पुन्हा गुरू होतो.

अर्थात हे सगळ्यांना जमत नाही. ज्याचं घर त्याच मानधनावर चालतं तो किती खरं बोलेल? बोरिस बेकर प्रशिक्षक असताना, २०१४ ते २०१६ मध्ये, नोव्हाक जोकोविचने सहा ग्रँड स्लॅम जिंकली. शेवटच्या सहा महिन्यांत जोकोविचने सरावाला पुरेसा वेळ दिला नाही, हे बेकरने जगाला सांगितलं ते दोघे वेगळे झाल्यावर. आत असताना तो काय बोलला असेल, कुणास ठाऊक. बहुधा बोललाही असेल. पण बाहेर पडल्यावरच जाहीर बोलता येणं हा या व्यवसायाचा रिवाज आहे.

मग काहींनी पैशाची गाठच सोडवून टाकली. राफाएल नदालचे काका टोनी पुतण्याकडून पगार घेत नसत. कुटुंबाच्या व्यवसायातल्या वाट्यावर त्यांचं भागायचं. म्हणून ते जगातल्या पहिल्या क्रमांकाच्या खेळाडूला पाण्याच्या बाटल्या स्वतः उचलायला लावू शकले, आणि रॅकेट आपटलीस तर मी थांबेन असं बजावू शकले. राफाएलने आयुष्यात रागाने रॅकेट फोडली नाही, याचं श्रेय संस्काराला द्यायचं की त्या न घेतलेल्या पगाराला, हा प्रश्न मला सोडवता येत नाही. आदिदास कंपनीने तिसरी वाट काढली होती: प्रशिक्षक कंपनीचा, पगार कंपनीचा, आणि तो कंपनीच्या करारातल्या खेळाडूंना मदत करणार. केहिलही काही वर्षं त्यात होता, हालेपची ओळख तिथलीच. आईबाप प्रशिक्षक झाल्यावर काय होतं हा वेगळा आणि बराच अंधारा विषय आहे. तिथे पैसा मुलाचा, सत्ता बापाची, आणि निघून जायची सोय दोघांनाही नाही.

मोठा खेळाडू चांगला प्रशिक्षक होत नाही, असं एक मत आपण वर्षानुवर्षं ऐकत आलोय. इव्हान लेंडलने ते मोडीत काढलं. आठ ग्रँड स्लॅम जिंकलेल्या लेंडलने आपले पहिले चारही अंतिम सामने गमावले होते, आणि विम्बल्डन त्याला कधीच मिळालं नाही. २०१२ च्या सुरुवातीला तो अँडी मरेकडे आला तेव्हा मरेच्या खात्यात तीन हरलेले अंतिम सामने होते. त्या जुलैत विम्बल्डनला चौथा हरला. सप्टेंबरात अमेरिकन ओपन जिंकलं, पुढच्या वर्षी विम्बल्डन. लेंडल वरच्या खुर्चीत दगडासारखा बसायचा, टाळी नाही की हसू नाही. मरेला त्याचा उपयोग झाला तो लेंडलच्या स्वतःच्या हारींमुळे, असं म्हणतात. मी त्यात एक भर घालेन: लेंडलला मरेच्या पैशाची गरज नव्हती, आणि हे दोघांनाही माहीत होतं.

पण मग आपली जुनी व्यवस्था बरी का? जिथे गुरूला प्रश्न विचारता येत नाही, तिथे गुरूला कारणही द्यावं लागत नाही. ‘मी सांगतो म्हणून’ एवढं पुरतं. किती मुलांचे खांदे, पाठी आणि उमेद या एका वाक्याने खाल्ली असेल, त्याची मोजदाद कोणी ठेवत नाही. दौऱ्यावरच्या प्रशिक्षकाला रोज सकाळी पटवून द्यावं लागतं. का, कशासाठी, किती दिवस. २००२ मध्ये केहिल आंद्रे अगासीकडे गेला तेव्हा शिष्य एकतिशी ओलांडलेला आणि सात ग्रँड स्लॅम जिंकलेला होता, गुरू त्याच्याहून जेमतेम साडेचार वर्षांनी मोठा आणि एकेरीत एकही न जिंकलेला. तिथे अधिकार हुद्द्यातून येणं शक्यच नव्हतं. २००३ च्या जानेवारीत अगासीने मेलबर्नला आठवं ग्रँड स्लॅम जिंकलं, त्याच वर्षी तेहतिसाव्या वर्षी पुन्हा पहिल्या क्रमांकावर बसला. २००६ ला अगासी निवृत्त होईपर्यंत केहिल बरोबर होता. त्या काळचा सर्वात तरुण अव्वल खेळाडू आणि त्या काळचा सर्वात वयस्क अव्वल खेळाडू, दोन्ही दोन वर्षांच्या आत एकाच माणसाच्या हाताखालून गेले. ‘हाताखालून’ म्हणायचं ते जपूनच.

गंमत म्हणजे २००९ मध्ये दुबईत रॉजर फेडररबरोबर काही दिवस सराव करून पाहिल्यावर केहिलने ते काम घेतलं नाही. फेडररला नाही म्हणणारा माणूस! ज्याला नकार देता येतो त्याच्याच होकाराला वजन असतं. २०१८ च्या शेवटी त्याने हालेपलाही काही काळ सोडलं, घरच्यांसाठी. पुढच्या जुलैत विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात तिने सेरेना विल्यम्सला छप्पन मिनिटांत हरवलं. प्रशिक्षक तेव्हा डॅनिएल डोब्रे होता. हे केहिलचं अपयश मानायचं की सर्वात मोठं यश, ते ज्याने त्याने ठरवावं. मी दुसऱ्या बाजूचा.

२०२२ पासून तो यानिक सिनरबरोबर आहे, सिमोने वान्योत्सी या इटालियन प्रशिक्षकाच्या जोडीने. जून २०२५ मध्ये पॅरिसच्या अंतिम सामन्यात सिनरने कार्लोस अल्काराझविरुद्ध विजयाचे तीन गुण हातचे घालवले आणि साडेपाच तास चाललेला सामना गमावला. पाच आठवड्यांनी विम्बल्डनच्या अंतिम सामन्यात त्याच अल्काराझला हरवलं. २०२५ नंतर आपण थांबणार असं केहिलने त्याआधीच सांगून ठेवलं होतं. विम्बल्डननंतर सिनरने हसत सांगितलं की अंतिम सामन्याआधी आमची पैज लागली होती: मी जिंकलो तर केहिलने राहायचं की जायचं, हे मी ठरवणार. म्हणजे जाण्याचं जे एकमेव हत्यार, तेच गुरूने पैजेवर लावलं. मायामीत ज्याने ते उगारलं होतं, त्याच माणसाने. विश्वास असल्याशिवाय असला जुगार कोणी खेळत नाही.

त्याच वर्षी डिसेंबरात अल्काराझ आणि हुआन कार्लोस फेरेरो वेगळे झाले. २००३ चा फ्रेंच विजेता फेरेरो. अल्काराझ त्याच्या व्हिलेनातल्या अकादमीत आला तेव्हा पंधराएक वर्षांचा पोरगा होता, निघाला तेव्हा सहा ग्रँड स्लॅम जिंकलेला, जगातला पहिल्या क्रमांकाचा बावीस वर्षांचा पुरुष. पंधराव्या वर्षी झोपायची वेळ सांगणाऱ्याला बाविसाव्या वर्षी कराराच्या टेबलावर समोर बसावं लागतं. या वळणावर ह्यूइट आणि केहिलचंही असंच सुटलं होतं. फेरेरोने निरोप देताना लिहिलं की पुढे चालू ठेवता आलं असतं तर बरं झालं असतं. त्याच्या जागी सॅम्युएल लोपेझ आला. तोही व्हिलेनाच्या अकादमीतलाच, आणि वर्षभर फेरेरोच्या शेजारच्याच खुर्चीत बसलेला.