चूक दाखविणाऱ्याचे ऐकावे



पूर्णगडाजवळ मुचकुंदी नदी समुद्राला मिळते. होडी खाडीत घेताना पुढे बसलेला पोरसवदा खलाशी ओरडला, "तांडेल, खडक आहे!" तर तांडेल त्याचे वय विचारीत बसत नाही, आधी सुकाणू वळवितो. हे शहाणपण किनाऱ्यावर मात्र आपल्याला सोडून जाते. इंजिनाचा बिघाड असो, घराचे माप असो की मंडळाचा हिशेब असो, कोणी "हे चुकले" म्हटले की आपला आवाज चढतो.

याला कारण आहे. पिढ्यान्पिढ्या आपल्याला जे शिकवायला आले, त्यांतील पुष्कळांनी चूक दाखविण्याच्या निमित्ताने आपली लायकी काढली. वर्गाबाहेर बसविलेल्या मुलाला दुरुस्ती आणि अपमान एकाच आवाजात ऐकावे लागले. ती जखम खरी आहे. परंतु तिच्यापायी प्रत्येक दुरुस्तीला अपमान मानले, तर आपले शिकणेच खुंटेल. अपमान करणारा माणसाविषयी बोलतो, दुरुस्ती करणारा कामाविषयी. हा भेद ओळखता आला पाहिजे.

बाबासाहेबांनी १९२२ साली लंडन विद्यापीठाला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध सादर केला. परीक्षकांनी तो होता तसा स्वीकारला नाही. बाबासाहेबांनी तो सुधारून पुन्हा दिला आणि १९२३ साली डी. एस्सी. पदवी मिळविली. त्याच वर्षी तो ग्रंथरूपाने निघाला. त्याला त्यांचे गुरू प्रा. एडविन कॅनन यांची प्रस्तावना आहे, आणि ग्रंथातील बरेचसे युक्तिवाद आपणास मान्य नाहीत, असे कॅनन तीत स्पष्ट म्हणतात. हा मतभेद बाबासाहेबांनी आपल्याच ग्रंथाच्या आरंभी छापू दिला, आणि आपला सिद्धांतही सोडला नाही. ऐकावे, तपासावे, पटले तर बदलावे. न पटले तर कारण द्यावे. यात लाचारी कोठे आली?

भगवान बुद्धांनी संघाला हीच शिस्त लावली. वर्षावासाच्या अखेरीस पवारणा होते. माझा जो दोष तुम्ही पाहिला, ऐकला वा ज्याची शंका आली, तो करुणेने सांगा, अशी विनंती प्रत्येक भिक्खू संघाला करतो. ही विनंती ज्येष्ठ भिक्खूने प्रथम करावयाची असते. नवखा मागून करतो.

आपल्या घरीही आरंभ थोरांनीच करावा. मुलगी म्हणाली, "बाबा, बेरीज चुकली," तर रागावू नका. तिच्यासमोर पुन्हा बेरीज करा. चूक निघाली तर आकडा तिच्याच हाताने दुरुस्त करून घ्या. न निघाली तर तिला नीट समजावून द्या. उद्या तीच मुलगी चारचौघांत न भिता प्रश्न विचारील, आणि कोणी तिची चूक दाखविली तर शांतपणे ऐकून घेईल.