वेणी कुणी घातली?

गंधर्व असोत, पऱ्या असोत वा उत्तर युरोपातील लोककथांमधले एल्फ असोत, मानवेतरांचे वर्णन करावयास बसलेला लेखक हटकून त्यांच्या केसांकडे वळतो. हा निव्वळ अलंकरणाचा भाग, असे मला पूर्वी वाटत असे. जे. आर. आर. टॉल्किन यांची ‘द लॉर्ड ऑफ द रिंग्ज’ (१९५४-५५) ही कादंबरी दुसऱ्यांदा वाचताना मात्र या केसांत एक नैतिक प्रश्न गुंतला आहे, असे जाणवू लागले.

टॉल्किन कॅथलिक होते. त्यांच्या विधवा आईने १९०० साली कॅथलिक श्रद्धा स्वीकारली. १९०४ मध्ये ती वारली आणि मुलांचे पालकत्व बर्मिंगहॅमच्या ऑरेटरीतील फादर फ्रान्सिस मॉर्गन यांच्याकडे आले. आपली कलाकृती मुळातच धार्मिक व कॅथलिक आहे, असे टॉल्किन यांनी १९५३ मध्ये एका येशूसंघीय स्नेह्याला लिहिले होते. तेव्हा त्यांच्या जगातील शरीरांकडे श्रद्धावंताच्या नजरेने पाहणे अप्रस्तुत ठरू नये.

या जगात प्रत्येक वंशाची ठेवण निराळी. एल्फ उंच, देखणे, जरेचा स्पर्श नसलेले. त्यांना दाढी सहसा येत नाही. गलबते बांधणारा वृद्ध कीर्डन हा अपवाद. (त्यांचे ते सुप्रसिद्ध टोकदार कान या कादंबरीत स्पष्टपणे सांगितलेले नाहीत!) हॉबिट सदा अनवाणी आणि त्यांच्या पावलांवर कुरळे केस. ‘द हॉबिट’ (१९३७) मध्ये गॅन्डाल्फ दारी येतो त्या सकाळी बिल्बोने पायाच्या बोटांवरले केससुद्धा नीटनेटके विंचरलेले असतात. ड्वॉर्फ हे भूगर्भात राबणारे बुटके कारागीर. दाढी म्हणजे त्यांची अब्रूच. पित्याचा वध झाल्याचे कळताच थ्राइन रडतो, दाढी उपटतो आणि सात दिवस अवाक्षर न काढता बसून राहतो.

बायबलच्या वाचकाला हे दृश्य परके वाटणार नाही. ईयोबाचे मित्रही सात दिवस त्याच्यापाशी मुकाट बसले होते. एज्राने व्यथित होऊन दाढीचे केस उपटले होते. अम्मोन्यांनी दाविदाच्या दूतांची अर्धी दाढी भादरली, तेव्हा ती वाढेपर्यंत यरीहोतच थांबा, असा निरोप राजाने त्यांना धाडला. त्यांच्या अंगावर एकही घाव नव्हता. तरीही तो अपमान युद्धास कारण झाला. केस विंचरणे, वेणी घालणे, दाढी राखणे या कृतींतून मनुष्य सांगत असतो, की मी कुणाचा तरी आहे, माझी निगा राखणारे कुणी आहे.

टॉल्किन यांना हे पक्के ठाऊक असावे. कादंबरीच्या दुसऱ्या खंडात सॅम नावाचा साधा माळी हॉबिट प्रथमच माणसामाणसांची लढाई पाहतो. शत्रुपक्षाचा एक दाक्षिणात्य सैनिक त्याच्यापुढे मरून कोसळतो. चेहरा दिसत नाही. दिसतात त्या सोन्याने गुंफलेल्या, रक्ताने भिजलेल्या काळ्या वेण्या आणि मोडकी तलवार धरलेला सावळा हात. सॅमच्या मनात येते : याचे नाव काय असेल, हा खरोखरच दुष्ट होता का, की कुणी फसवून वा धमकावून याला घरापासून इतक्या दूर आणले? १९१६ साली सॉमच्या रणभूमीवर अधिकारी म्हणून गेलेल्या लेखकाने हे लिहिले आहे. ती वेणी कुणी घातली असेल, आईने की पत्नीने, हा प्रश्न सॅम विचारत नाही. माझ्या मनात मात्र तो राहून जातो.

आणि इथेच अडचण सुरू होते. ऑर्क हे या कथेतील कुरूप, वाकड्या पायांचे, लांब हातांचे सैन्य. त्यांच्या वेण्या कुणी घातल्याचे लेखक सांगत नाही. हेल्म्स डीपच्या लढाईत एल्फ लेगोलास आणि ड्वॉर्फ गिम्ली किती मारले याची पैज लावतात : लेगोलासचे ४१, गिम्लीचे ४२. पिढ्यान्‌पिढ्यांचे वैर विसरून जडलेली ही मैत्री मनाला भावते. पण तिची मोजदाद मुडद्यांत होते. ‘द सिल्मॅरिलियन’ (१९७७) मध्ये तर असे म्हटले आहे, की ऑर्क म्हणजे कैद करून छळलेले, भ्रष्ट केलेले एल्फच. पाप स्वतः काही निर्माण करू शकत नाही, केवळ देवाने निर्मिलेले विद्रूप करू शकते, ही ख्रिस्तसभेची जुनी शिकवण. मग त्या देखण्या एल्फांचेच हे भाऊबंद तारणापलीकडचे कसे?

लेखकालाही हे टोचत होते. १९५४ मध्ये एका कॅथलिक पुस्तकविक्रेत्यासाठी लिहिलेल्या, पण न पाठविलेल्या पत्रात टॉल्किन ऑर्कांना उद्धारापलीकडचे म्हणता म्हणता थबकले. तसे म्हणणे फार होईल, कारण जे अस्तित्वात राहू दिले गेले ते देवाच्या सृष्टीचाच भाग होते, असा त्यांचा विचार होता. मला हे थबकणे त्यांच्या कित्येक पानांहून मोलाचे वाटते. नाकीडोळी नीटस, गोरीपान अशी लग्नाच्या जाहिरातीतील विशेषणे सहज वापरणाऱ्या आपल्या समाजाने तर तिथे थोडे अधिक रेंगाळावे.

कादंबरीत एक जागा आहे. शॅग्रॅट आणि गोर्बॅग हे दोन ऑर्क नायक बोगद्यातून चालता चालता बोलत असतात. युद्ध संपले की चार विश्वासू पोरे घेऊन निसटू, जिथे लूट हाताशी असेल पण डोक्यावर धनी नसेल अशा ठिकाणी राहू, असे काहीसे. मागून लपत येणारा सॅम ते सारे ऐकतो. बेशुद्ध फ्रोडोला त्यांनी उचलून नेले आहे, त्याचा जीव टांगणीला लागला आहे, हे खरे. पण त्या सैनिकापाशी त्याला पडलेला प्रश्न इथे त्याला पडत नाही.