झिजलेले ते सारे टाकाऊ का?

वस्तू झिजली की ती टाकून नवी आणावी, हा आपल्या काळाचा व्यवहार होऊन बसला आहे. दुरुस्तीपेक्षा नवी वस्तू स्वस्त पडते, हे त्याचे कारण. आणि हिशेबापुरते ते खरेही असते. परंतु जुन्याची दुरुस्ती करणारा मनुष्य केवळ पैसे वाचवीत असतो काय? आणि एखादी गोष्ट ‘पूर्ववत करणे’ म्हणजे नेमके काय करणे? या प्रश्नांचा विचार आपण एका बिडाच्या यंत्राच्या आधारे करू.

लेथवर वस्तू फिरते आणि हत्यार तिला कापते. मिलिंग यंत्रात याच्या उलट हत्यार फिरते आणि टेबलावर बांधलेली वस्तू त्याखालून सरकते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यातल्या ब्रिजपोर्ट शहरात रुडॉल्फ बॅनो यांनी रचलेले असे एक यंत्र १९३८ साली विक्रीस आले, आणि त्या शहराच्या नावानेच ते जगभर ओळखले गेले. पुढे संगणकाच्या आज्ञेने चालणारी यंत्रे आली. हाताने चालवावयाची जुनी यंत्रे कारखान्यांतून बाहेर पडू लागली. सुमारे ९०० किलो वजनाचे हे धूड तेथील काही हौशी माणसे आपल्या घराच्या गॅरेजमध्ये आणतात आणि महिनोन् महिने सुट्टीचे दिवस त्यापायी वेचतात.

अशा यंत्राची झीज सर्वत्र सारखी नसते. टेबल ज्या पट्ट्यांवरून सरकते, त्या मध्यभागी अधिक झिजतात, कारण बहुतेक काम तेथेच होते. टोके जवळजवळ कोरी राहतात. मधली ढिलाई काढण्यासाठी पाचर आवळली, तर टेबल टोकाशी अडकते. टोकांच्या बेताने सैल ठेवली, तर मध्ये डुगडुगते. म्हणजे जेथे सेवा अधिक घडली, तेथेच उणीव अधिक दिसते. माणसांची पारख करतानाही आपण असेच फसतो. वर्षानुवर्षे घराचा भार वाहून जिचे बोलणे तुटक झाले, तिचे दोष आपण मोजतो. ज्याने भार उचललाच नाही, तो शांत स्वभावाचा ठरतो.

तथापि, झीज सेवेतून आली म्हणून टेबल सरळ चालते असे होत नाही. आदरापोटी दोषाकडे डोळेझाक करणे ही दुरुस्ती नव्हे. वरून नवा रंग देऊन यंत्र सजवणे, हीदेखील नव्हे. रंगाने कापाची वक्रता जात नाही.

खरी दुरुस्ती मोजमापापासून सुरू होते. सपाट प्रमाण-तबकडीला पातळ निळा रंग फासून ती पट्टीवर घासली, की उंचवट्यांना रंग लागतो. तेवढाच भाग स्क्रेपरने हलकेच खरवडावयाचा, पुन्हा रंग लावून पाहावयाचे, पुन्हा खरवडावयाचे. पण त्या तबकडीवर तरी विश्वास कसा ठेवावा? इंग्रज अभियंते जोसेफ व्हिटवर्थ यांनी १८४० साली ग्लासगो येथील सभेत सपाट पृष्ठभाग घडवण्याची रीत विशद केली. त्या रीतीत तबकड्या तीन लागतात. दोन तबकड्या एकमेकींशी जुळल्या, तरी एक फुगीर व दुसरी खोलगट असू शकते. तिन्ही परस्परांशी जुळल्या, तरच त्या सपाट. दोघांचे एकमत झाले म्हणजे सत्य गवसले असे नाही, हा धडा आपल्या घरांतील निवाड्यांनाही लागू पडतो.

या कामातील सर्वांत विचार करण्याजोगी गोष्ट पुढेच आहे. खरवडून खोलगट भाग वर आणता येत नाही. जे उंच आहे तेच खाली उतरवावे लागते. झिजलेल्या मधल्या भागाला न झिजलेल्या टोकांच्या उंचीवर चढवण्याचा आग्रह येथे चालत नाही. ज्या टोकांना आजवर झिजावे लागले नाही, त्यांनाच आता झिजावे लागते, आणि तेव्हाच टेबल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सारखे सरकते.

आपल्या कुटुंबांत आपण बहुधा याच्या उलट करतो. थकलेल्या आईला आपण विश्रांतीचा उपदेश करतो, औषध आणून देतो, तिने पूर्वीसारखे हसावे अशी अपेक्षा धरतो. तिच्या वाट्याचे काम मात्र तिच्याकडेच राहते. हे रंग देणेच झाले. तिच्या पातळीवर इतरांनी उतरणे, म्हणजे रात्रीची जागरणे, पाणी भरणे, आजाऱ्याची सेवा वाटून घेणे, ही खरी दुरुस्ती होय.

येथे या उपमेची मर्यादाही ओळखली पाहिजे. बीड जेथे आरपार तडकले आहे, तेथे यंत्र मोडीत देणेच पुष्कळदा शहाणपणाचे ठरते, कारण यंत्राचे मोल त्याच्या कामात असते. मनुष्याचे मोल त्याच्या कामात नसते. ज्याच्याकडून आता काहीच होत नाही, अशा अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाला मोडीचा नियम लागू करण्याचा अधिकार कोणालाही नाही. एका निर्जीव यंत्रासाठी काही माणसे वर्षभर धीर धरू शकतात, तर आपल्या माणसांसाठी आपला धीर आठवडाभरात का संपावा, हे ज्याने त्याने स्वतःस विचारावे.